लाल दोऱ्याचे मावसाजी

आमचे मावसाजी घरातून जेवढे बाहेर पडतात, तेवढेच्या तेवढे परत आलेले मी आजवर पाहिलेले नाहीत. सकाळी छत्री, डबा, खांद्यावर दुपट्टा, खिशात चष्मा, पायांत चपला आणि बुडाखाली सायकल असा भरगच्च निघालेला हा माणूस संध्याकाळी त्यातलं काहीतरी वाटेत गाळूनच घरी येतो. कधी डबा येतो, झाकण येत नाही. कधी छत्री येते, पण ती दुसऱ्याच कुणाची तरी असते. एकदा ते अनवाणी आले आणि काखेत हा एवढा कोहळा होता. चपला आणि कोहळा यांचा आपसांत काय सौदा झाला, ते आजही कुणाला कळलेलं नाही. एकदा सायकलने तिरोड्याला गेले आणि बसने परतले. दुसऱ्या दिवशी सायकल चोरीला गेली म्हणून त्यांनी अख्खी गल्ली डोक्यावर घेतली. तिसऱ्या दिवशी तिरोड्याचा चहावाला स्वतः ती सायकल चालवत दारात आला, तर त्याच्यावरच ओरडले, "दोन दिवस काऊन ठेवली रे?" आणि जाताना त्याला थंडी वाजेल म्हणून खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याच्या गळ्यात टाकला. म्हणजे सायकल आली, तर दुपट्टा गेला.

मावशी विड्या वळते. सुपात तेंदूपत्ता, मांडीवर तंबाखू आणि बोटांत विडी बांधायचा बारीक लाल दोरा, हे तिचं रोजचं रूप. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने ओळखलं, की या माणसाला सुधारण्यापेक्षा त्याच्या वस्तूंवर खूण करणं सोपं. तेव्हापासून छत्रीच्या दांडीला, डब्याच्या कडीला, दुपट्ट्याच्या टोकाला, चष्म्याच्या काडीलासुद्धा विडीची गाठ बसली. ती गाठ तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि दाताने तोडली तरी सुटत नाही. याचा परिणाम असा, की गोंदियात कुठेही लाल दोरा दिसला की समजावं, इथून मावसाजी गेले. न्हाव्याच्या दुकानात लाल दोऱ्याची छत्री लटकलेली. पानठेल्यावर लाल दोऱ्याचा डबा, आत सुपारी. रेल्वे फाटकाजवळ बसणाऱ्या म्हातारीच्या अंगावर लाल दोऱ्याचा दुपट्टा. कॉलेजात असताना मी एकदा मावशीला विचारलं, "मागून आणू का गं सगळं?"

"राहू दे," ती विडी वळतावळता म्हणाली. "गाठ दिसली ना? मंग झालं. कुठं हाय ते समजलं."

"पण मावसाजी एवढं विसरतात कसे?"

"इसरत नाईत पोरी. सोडून येतात. इसरलेली वस्तू माणूस शोधते. त्याईनं कधी शोधली काय?"

"सायकल शोधली होती."

मावशीने जरा विचार केला. "ते सायकल इसरले होते," तिने कबूल केलं.

माझं गाव बोदलकशाच्या तलावाकडचं. बाबा तलावात जाळं टाकतात आणि पावसाळ्यात दोन बांध्यांत, म्हणजे भाताच्या छोट्या खाचरांत, धान लावतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. बारावीनंतर गोंदियाच्या कॉलेजात नाव घालायचं ठरलं, तेव्हा राहायचं कुठे हा प्रश्न घरात कुणी बोलून दाखवायच्या आतच मावसाजी येऊन माझी पेटी उचलून घेऊन गेले होते. त्यांचं घर दोन खोल्यांचं. एकीत माझी पुस्तकं, दुसरीत तेंदूपत्ता, आणि दोन्हींत मावसाजींचा आवाज. पदवीची तीन वर्षं मी तिथे राहिले. त्या तीन वर्षांत मला कुणी "कधी जाणार?" असं विचारलं नाही, आणि दिवा उशिरापर्यंत जळतो म्हणून कुणी कूस बदलली नाही. याचे आभार कसे मानायचे हे मला आजही नीट येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आवाजाचं सांगायलाच हवं. मावसाजी राईस मिलमध्ये मिस्त्री. तीस-बत्तीस वर्षं धान सडायच्या, म्हणजे त्याचं टरफल काढायच्या, मशिनींच्या गडगडाटात बोलल्यामुळे त्यांना हळू बोलणं हा प्रकारच माहीत नाही. कॉलेजात प्रवेश घेताना माझे गणिताचे गुण जरा कमी होते. मावसाजी कारकुनाच्या कानाशी वाकले आणि अगदी गुपचूप म्हणाले, "पोरीचे गणिताचे कमी हायत, पन सांभाळून घ्या!" हे रांगेतल्या शेवटच्या मुलापर्यंत पोचलं. वर्षभर मुलं मला "सांभाळून घ्या" म्हणत. मिलचे शेठजीही त्यांना हात जोडतात, "मिस्त्री, धीरे बोलो, आधा गोंदिया सुन रहा है." त्यावर मावसाजी म्हणतात, "बाकी आधा बहरा है क्या?"

त्यांचा खरा जीव वाऱ्यात. मिलमध्ये धान सडलं की तांदूळ आणि भुसा एकत्र पडतात आणि पंख्याचा झोत भुसा उडवून नेतो. झोत कमी पडला तर तांदळात भुसा राहतो, जास्त झाला तर भुशाबरोबर चांगला तांदूळही पळतो. तो मधला नेमका वारा मावसाजी तळहातावर ओळखतात. कुठेही पंखा दिसला की यांचा हात आपोआप वर. एका नातेवाइकाच्या लग्नात मांडवातल्या मोठ्या पंख्याचा वारा "वाकडा" वाटला म्हणून त्यांनी खिशातून स्क्रू पिळायचा पेचकस काढला आणि तो सरळ केला. पंगतीतले झाडून सगळे पापड उठले आणि वरपक्षावर जाऊन बसले. मावसाजींनी जागचं न हलता निकाल दिला, "पापडात दम नव्हता." तोच पेचकस मशीनला टेकवून, मुठीकडची बाजू कानाला लावून ते आतल्या बेअरिंगचा आवाज ऐकतात. मला एकदा खोकला झाला, तेव्हा तो माझ्या पाठीला लावून त्यांनी डोळे मिटले. "बेअरिंग ठीक हाय," म्हणाले, "ग्रीस पाहिजे." आणि आल्याचा चहा आणायला स्वतः गेले. चहा आला, किटलीचं झाकण आलं नाही.

शरीराने मावसाजी म्हणजे डोंगर. तांदळाच्या पोत्याशेजारी उभे राहिले तर पोतं अशक्त दिसे. मिलमध्ये एक जुनी रीत होती. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की पहिलं पोतं मोजायच्या आधी मिस्त्रीने काट्यावर उभं राहायचं, आणि भिंतीवर खडूने त्याचं वजन लिहायचं. हंगाम संपला की परत. उकडा तांदूळ करायच्या भट्टीची धग आणि दिवसभराची धावपळ यांत मावसाजी दर हंगामात सहा-सात किलो उतरत आणि पावसाळ्यात मावशीच्या हातचं खाऊन परत भरून येत. भिंतीवर वर्षानुवर्षांचे आकडे होते. "हा माहा इतिहास हाय," ते पाहुण्यांना दाखवत.

तर अशा माणसासमोर, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत, मी ताऱ्यांचं वजन घेऊन बसले. तेव्हा मी पदवीनंतर दूरच्या विद्यापीठात गेले होते आणि तिथल्या प्राध्यापक बाईंच्या हाताखाली प्रकल्प करत होते. जेवताना मावसाजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय शिकून राहिली सध्या?"

मी म्हटलं, "काही तारे फार मोठे असतात मावसाजी. सूर्याच्या वीस-तीस पट वजनाचे, आणि भयंकर तापलेले. त्यांचा उजेडच एवढा जबरदस्त असतो, की तो त्यांच्या अंगावरचा वायू ढकलून बाहेर फेकतो. सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटर वेगाने. त्याला ताऱ्याचा वारा म्हणतात. त्या वाऱ्याबरोबर ताऱ्याचं वजन घटत जातं. ते किती घटतं, ते मला काढायचंय."

मावसाजींचा घास हातातच राहिला. "उजेड ढकलते?"

"हो."

"मी बत्तीस वर्सं हॅलोजनखाली काम केलं. मले तं कधी ढकललं नाई."

"तुमाले ढकलाले हॅलोजन नाई, हत्ती लागन," मावशी म्हणाली.

मी सांगितलं, की तो उजेड सूर्याच्या लाखो पट असतो. आणि वायूतला प्रत्येक प्रकारचा अणू आपल्या ठरावीक रंगाचाच उजेड पकडतो आणि त्याचा धक्का खातो. वायू पळू लागला की त्याला हवा असलेला रंग थोडा सरकतो, त्यामुळे त्याला न वापरलेला, ताजा उजेड मिळतो आणि आणखी एक धक्का बसतो. "म्हंजे पयल्या चाळणीतून सुटलं ते दुसरीत सापडते," मावसाजी म्हणाले. त्यांना एवढ्यात समजलं याचं मला नवल वाटलं. मला तीन आठवडे लागले होते. पुढे मी म्हटलं, की आपण काही तिथे जात नाही, पण त्या पळणाऱ्या वायूच्या खुणा ताऱ्याच्या उजेडात उमटतात आणि त्यांवरून वारा किती गेला ते कळतं.

"लाल दोऱ्यावानी," मावशी सहज म्हणाली आणि भाजी वाढली.

माझी अडचण मात्र मी अजून सांगितली नव्हती. घटीचा दर काढायच्या दोन रीती मी वापरल्या होत्या. एकीत, वारा ताऱ्याचा किती उजेड अडवतो ते पाहायचं. दुसरीत, वारा स्वतः किती चमकतो ते पाहायचं. ही चमक त्यातले कण एकमेकांजवळ येऊन भिडले की निघते. एकाच ताऱ्याला दोन्ही रीती लावल्या, तर दुसरीचा आकडा पहिलीच्या जवळपास तिप्पट येत होता. मी सगळं चार वेळा तपासलं होतं. बाईंनी आकडे पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "या दोघांचं भांडण मिटवून आण. मग पुढच्या संशोधनाचं बोलू." त्यांच्याकडे संशोधनासाठी एकच जागा रिकामी होती आणि ती मागणारे आम्ही तिघं होतो. बाकी दोघांच्या घरी पुस्तकांची कपाटं होती. माझ्याकडे सुट्टीचे बारा दिवस होते. मी हे सगळं सांगितलं तेव्हा मावसाजी शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सकाळी मिलवर चाल."

पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. ते सायकल हातात धरून, मी बाजूला. पश्चिमेला मृगाचे तारे उतरत होते. मी बाणाचे तीन तारे दाखवले आणि म्हटलं, "मधला तो माझा."

मावसाजी थांबले. "हे तीन? हे तं मी बत्तीस वर्सं पाहून राहिलो. हंगामात मिलवर जायच्या टायमाले हेच तं असतात सोबतीले." थोडं चालून पुन्हा मागे वळून बघितलं. "मले काय माईत बापा, ते बी झिजून राहिले."

मिलच्या मागे भुशाचा डोंगर असतो. वर एक जाड पाइप, त्यातून पंख्याने उडवलेला भुसा बाहेर पडतो. मी वही उघडून माझं चित्र दाखवलं: मध्ये गोल तारा, आणि चहूबाजूंनी एकसारखे बाहेर जाणारे बाण. मावसाजींनी ते दूर धरलं, जवळ धरलं. चष्मा न्हाव्याकडे होता.

"वारा असा सरळ निंगते? कोनं सांगतलं?"

"तसं धरलं मावसाजी. गणित सोपं होतं."

"धरलं?" ते एवढ्या जोरात हसले की पाइपखालचा हमाल दचकला. "अवो, मी पूर्ण जिंदगी वाऱ्यात काढली. सरळ वारा मी आजपर्यंत पाह्यला नाई. तो पाह्य." त्यांनी पाइपकडे बोट दाखवलं. दुरून मला ती एक सलग धूसर धार वाटत होती. जवळ उभं राहिल्यावर दिसलं: भुसा झुपक्याझुपक्यांनी येत होता. एक दाट गोळा, मग रिकामी हवा, मग दोन गोळे एकामागे एक, पुन्हा रिकामं. "पंखा एकच, फेरे बी तेवढेच. तरी गोळे होतात. मांगचा पुढच्याले गाठते, जमा होते. तुह्या ताऱ्याचा वारा कोन्त्या घरचा शाहना हाय?"

मी वहीत लिहून घेतलं: वारा गोळ्यागोळ्यांनी. पण त्याने माझं भांडण कसं मिटणार ते समजेना. वायू तेवढाच आहे, मग तो पसरून असला काय आणि गोळ्यांत असला काय? दोन दिवस मी त्यावर डोकं आपटलं. तिसऱ्या दिवशी मावसाजी म्हणाले, "पुरे झालं. मंडईले चाल."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. दिवसा दंडारीचा लोकनाच होतो, दुकानं लागतात, माहेरवाशिणी येतात, रात्री नाटक. आमच्या गावच्या मंडईला मावसाजी दरवर्षी येतात, आणि वर्षभरात गमावतात त्याच्या निम्मं एकट्या मंडईत गमावतात. त्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मी बाबांबरोबर तलावावर थोडी बसले, मावशी बांगड्यांच्या दुकानाशी गेली, मावसाजी गर्दीत शिरले. दुपार कलल्यावर आम्ही आमच्या ओसरीवर भेटलो. मावसाजी घामाघूम, दुपट्टा गेलेला, शर्टाची दोन बटणं तुटलेली, पण चेहरा आनंदाने लाल.

"औंदा मंडई तिप्पट भरली," त्यांनी जाहीर केलं. "मागल्या साली एवढे मानसं नव्हते."

"कायवरून?" मावशीने विचारलं.

"धक्क्यावरून! मी मोजले ना. मागल्या साली दुपारपर्यंत शंभर बी धक्के नाई लागले. औंदा तीनशेच्या वर गेले."

"मागल्या साली तुमी झाडाखाली बसले होते," मावशी म्हणाली. "औंदा जिलबीच्या दुकानापाशी उभे होते. पूर्ण गाव तिथंच चिपकलं होतं, तं धक्के लागतीनच. बाकी मैदान रिकामं पडलं होतं, मी पाह्यलं ना. मानसं तेवढेच हायत. धक्के मोजून मानसं मोजतात काय?"

माझ्या हातात पाण्याचा लोटा होता. तो तसाच राहिला. कारण माझी दुसरी रीत दुसरं काय करत होती? कण एकमेकांना भिडले की चमक निघते, आणि मी चमक मोजून कण मोजत होते. मी धक्के मोजून माणसं मोजत होते. मैदानभर सारखी पसरलेली माणसं क्वचित एकमेकांना लागतात. तीच माणसं जिलबीच्या दुकानापाशी गोळा झाली तर धक्क्यांना सुमार राहत नाही. माणसं मात्र तेवढीच. पहिल्या रीतीला या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही, कारण ती डोकी मोजते. मी ओसरीवरच वही काढली. सगळा वायू दहातल्या एका भागात गोळा झाला आहे असं धरलं, तर चमकेवरून काढलेला आकडा किती फुगेल? दहाचं वर्गमूळ. तीनाहून जरासं जास्त.

"काय झालं वं?" मावसाजी म्हणाले.

"जिलबी," मी म्हटलं. आणि ओढणीने डोळे पुसले.

"आनतो ना! रडाले काय झालं?" आणि ते खरंच उठून गेले. जिलबी घेऊन आले, तेव्हा पायांत एकच चप्पल होती.

विद्यापीठात परतल्यावर मी बाईंसमोर वही ठेवली. त्यांनी सगळं वाचलं आणि हसल्या. मग उठून कपाटातून निबंधांचा एक गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. मोठ्या, तप्त ताऱ्यांचे वारे गोळ्यागोळ्यांचे असतात आणि त्यामुळे घटीचे जुने आकडे फुगलेले होते, हे जाणकारांना कधीपासून ठाऊक होतं. मी पार हिरमुसले. बाई म्हणाल्या, "मी तुला मुद्दामच सोपं सूत्र दिलं होतं. ते कुठे मोडतं ते तुला दिसतं का, एवढंच बघायचं होतं. बाकी दोघांनी हा गठ्ठा शोधून काढला आणि वाचून आले. तुझ्या वहीत मात्र यातला एकही शब्द नाही. कुठून आणलंस?"

मी खरं ते सांगितलं: एक मिल मिस्त्री आणि एक विडी कामगार. बाईंनी मला मंडई, जिलबी, धक्के, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. शेवटी त्यांनी टेबलाच्या खणातून अर्ज काढला आणि माझ्यासमोर सरकवला. "जागेसाठी. आजच भर."

मी फोन केला. मावसाजी फोनवरही मिलच्या आवाजात बोलतात, त्यामुळे फोन कानापासून हातभर लांब धरला तरी चालतो. जागा मिळणार हे ऐकून ते इतके ओरडले की बाजूच्या मुलीने "कुणी गेलं का?" असं विचारलं. मग मी प्रामाणिकपणे सांगितलं, की गोळ्यांचा शोध आपल्या आधी दुसऱ्यांनी लावला होता.

पलीकडून संशयाने विचारणा झाली: "त्याची मिल कोन्ती?"

पुढच्या दिवाळीला मी परत गेले. आता मी संशोधक विद्यार्थिनी होते, विद्यावेतन सुरू झालं होतं, मावशीला साडी आणि मावसाजींना नवी छत्री घेतली होती. मिलवर हंगामाचं पहिलं पोतं मोजायचं होतं, म्हणून मावसाजी मला मुद्दाम घेऊन गेले. ते काट्यावर चढले. हमालाने आकडा वाचला आणि खडू हातात धरून तसाच उभा राहिला. आकडा मागच्या हंगामाच्या शेवटच्या आकड्याहूनही बराच खाली होता. पावसाळ्यात यंदा वजन भरून आलंच नव्हतं. रक्तात साखर निघाली होती, हे मावशीने मला फोनवर सांगितलं नव्हतं.

"काटा खराब हाय," मावसाजी म्हणाले. "लिव्ह, लिव्ह."

परतताना त्यांनीच विषय काढला. "तुह्या त्या मधल्याचं काय होते मंग? झिजून झिजून?"

मी म्हटलं, "त्याचं आयुष्य तसं कमीच असतं मावसाजी. पण जे उडून जातं ते वाया जात नाही. आसपासच्या वायूत मिसळतं. त्यातून पुढे नवे तारे होतात."

"भुशावर वीटभट्टी चालते," मावसाजींनी मान डोलावली. त्यांना ते पूर्ण पटलं होतं. मग चालताचालता त्यांनी पानठेल्यावर थांबून लाल दोऱ्याच्या डब्यातली सुपारी हक्काने तोंडात टाकली, आणि सायकल तिथेच विसरून माझ्याबरोबर पायी निघाले. मी त्यांना आठवण करून दिली. मावशीचं सायकलबाबतचं म्हणणं बरोबरच होतं.

सुट्टी संपल्यावर ते मला गाडीत बसवायला स्टेशनवर आले. मावसाजी आता माझ्या शेजारी उभे राहिले तर डोंगर वाटत नाहीत, मोठ्या हाडाचा एक उंच माणूस वाटतात. शर्ट खांद्यावरून जरा उतरलेला. आवाज मात्र उतरलेला नाही. गाडी सुटताना "खात जा!" असं त्यांनी ओरडून सांगितलं, तेव्हा माझ्या डब्यातल्या पाचसहा प्रवाशांनी माना हलवल्या. मी खिडकीतून पाहत राहिले. फलाटावरच्या पंख्याखाली ते थांबले, सवयीने तळहात वर केला, नापसंतीने मान हलवली आणि पुलाकडे गेले. दोन्ही हात रिकामे होते.

मी वळून पाहिलं तर माझ्या बाकावर, बॅगेला टेकवून, मी आणलेली नवी छत्री. दांडीला लाल दोरा. मावशीने चार दिवसांत तिलाही गाठ मारली होती.

मी लगेच घरी फोन लावला. "मावशी, मावसाजी छत्री विसरले गं, माझ्याजवळच राहिली."

"इसरले?" मावशी म्हणाली, आणि तिच्या बोलण्यामागे विड्या बांधायच्या बोटांचा सुपावरचा आवाज येत राहिला. "गाठ हाय ना तिले?"

"आहे."

"मंग राहू दे."

फोन ठेवून मी छत्री बॅगेत सारायला गेले. बॅग तीच जुनी, कॉलेजच्या पहिल्या दिवशी मावसाजींनी घेऊन दिलेली. तिच्या पट्ट्याला, बकलाच्या अगदी जवळ, तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ आहे. लाल रंग पुष्कळ उडालाय. इतकी वर्षं मला वाटत आलं होतं, की ती बॅग हरवू नये म्हणून मारलेली आहे. बॅग कुणाच्या खांद्यावर असते, हे लक्षातच आलं नव्हतं. तिरोडा येईपर्यंत मी त्या गाठीवर अंगठा ठेवून बसले होते. बाहेर कापलेल्या बांध्या होत्या, आणि कुठल्याशा खळ्यावर कुणीतरी सूप उंच धरून धान उपणत होतं. भुसा झुपक्याझुपक्यांनी उडत होता.